मुलांची डळमळती मान



लहान मूल मान हालवून 'नको' म्हणतें, तेव्हां तें बहुतांशीं मानेच्या वरच्या दोन मणक्यांच्या बळावर म्हणत असतें. पहिला मणका म्हणजे नुसतें एक कडें. दुसऱ्यावर दांतासारखा एक खुंट उभा असतो. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोंवतीं फिरावी, तसें हें कडें त्या खुंटाभोंवतीं फिरतें. मानेचें जवळजवळ निम्में वळणें येथेंच घडतें.

खुंटाच्या मागें, त्याच कड्यांतून, मज्जारज्जु खालीं उतरतो. दोहोंमध्यें एक आडवा अस्थिबंध असतो. तो सैल असला, किंवा खुंटच जन्मतः खुरटा राहिला, म्हणजे कडें पुढें सरकतें व रज्जु चेपला जातो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत हे बंध पुष्कळदां सैल असतात. सुदैवानें त्यांपैकीं थोड्यांनाच त्रास होतो.

पण हा त्रास येतो तो पावलांचा आवाज न करतां. मूल चालतांना अडखळूं लागतें, हातांतला पेला निसटतो, मान एकीकडे कललेली राहते, मोडलेली संवय परत येऊन अंथरूण ओलें होतें. घरच्यांना वाटतें, पोर आळशी झालें. क्वचित् चापटही बसते. आणि खरें सांगायचें तर आम्ही डॉक्टरही प्रथम पायांकडेच पाहतों ! मुलानें आपण होऊन मान वांकविली असतां क्ष-किरणांच्या चित्रांत कडें व खुंट यांमध्यें ५ मिलिमीटरांहून अधिक फट दिसली, तर शंकेला जागा आहे.

शस्त्रक्रियेचा हेतु एकच, दोन्ही मणके एकमेकांशीं जखडणें. १९१० सालीं मिक्स्टर व ऑसगुड यांनीं त्यासाठीं रेशमी दोरा वापरला. १९३९ मध्यें टोरांटोच्या गॅली यांनीं तार व हाडाचा तुकडा. तारेचा भरंवसा पुरता नसे, म्हणून हाड सांधेपर्यंत रुग्णाची मान महिनेच्या महिने बाहेरून जखडून ठेवावी लागे. १९८८ पासून मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. अतुल गोयल यांनीं मणक्यांच्या बाजूच्या जाड भागांत स्क्रू बसवून ते धातूच्या पट्टीनें जोडण्यास आरंभ केला. २००१ सालीं जर्मनीच्या हार्म्स यांनीं पट्टीऐवजीं दांडी योजिली. आज ही पद्धति दोघांच्याही नांवानें ओळखली जाते. मुलांचें हाड लहान, त्यांतून मेंदूकडे जाणारी धमनी तेथेंच वळसा घेते, म्हणून सी. टी. स्कॅन करून तिचा मार्ग आधीं पाहावा लागतो.

मणके जखडल्यावर मान पूर्वीइतकी वळत नाहीं, हें आईबापांना आधींच स्पष्ट सांगावें. मूल मागें पाहतांना खांदे वळवावयास शिकतें, आणि लवकर शिकतें. चेपून दुखावलेला रज्जु मात्र मागाहून मोकळा केला तरी पूर्ववत् होईलच असें नाहीं.

अशीं लक्षणें दिसत असतां, चित्र निघेपर्यंत, त्या मुलाची मान कोणाकडूनही चोळवूं नये, आणि केशकर्तनालयांत 'कडकन्' मोडवून तर मुळींच घेऊं नये.