जस्ताची बोटं आणि सहा अक्षरं

मी सॉफ्टवेअरवाला. जीवशास्त्र कॉलेजात शिरण्याआधीच सुटलं. पण माझ्या खालाच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं. तिथल्या बाकावर बसून मोबाइलवर वाचता वाचता मी ‘झिंक फिंगर’पर्यंत पोचलो.

१९८५ साली केंब्रिजमध्ये ॲरन क्लुग आणि त्यांचे सहकारी आफ्रिकन बेडकाच्या अंडपेशींतलं एक प्रथिन तपासत होते. त्यात सुमारे तीस अमिनो आम्लांचा एकच नमुना नऊ वेळा आलेला दिसला. प्रत्येक तुकड्यात दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू धरून ठेवतात. जस्त इथे फक्त गाठ मारतं. त्या गाठीमुळे सैल धागा बोटासारखा घट्ट होतो. हे बोट डीएनएच्या खोबणीत शिरून साधारण तीन अक्षरं ओळखतं. बोटं जोडत गेलं की लांब शब्द ओळखता येतो. आम्ही फाइलमध्ये शब्द शोधतो तसंच, फक्त इथे चाचपून.

आता खालाच्या घरी येऊ. पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये गॅमा साखळी असते. जन्मानंतर ती हळूहळू बंद होते आणि बीटा साखळी काम हाती घेते. माझ्या भावाची बीटाची जनुकंच बिघडलेली. म्हणून खाला अजून म्हणते, “पहिले सहा महिने काहीच नव्हतं रे बेटा.” गॅमा बंद करणारं प्रथिन म्हणजे बीसीएल११ए. तेही झिंक फिंगरवालंच. गॅमा जनुकाच्या अलीकडची टीजीएसीसीए ही सहा अक्षरं त्याची बोटं पकडतात. काही माणसांत तिथलं एखादं अक्षर जन्मतःच बदललेलं असतं. त्यांची गॅमा आयुष्यभर चालू राहते आणि तब्येत ठणठणीत असते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मंजूर केलेला कॅसजेव्ही उपचार हेच साधतो: रुग्णाच्या मूळपेशी काढून, त्यांत असा बदल करतात की रक्तपेशींत बीसीएल११ए कमी बनावं. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. खालाने विचारलं, मी सांगितलं. ती चहा गाळायला उठली.

आपल्या आवाक्यात आहे ती रक्ताची एचबीए२ तपासणी. खालाच्या मुलीचं लग्न ठरतंय. ती वाहक निघाली. स्वतः धडधाकट आहे. नवराही वाहक असला, तरच प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. मामू म्हणाले, “बोलू नका, रिश्ता मोडेल.” दोन दिवस घरात वाद झाला. शेवटी तिनेच त्या मुलाला फोन केला. त्याचा रिपोर्ट शुक्रवारी येणार आहे.