पाठींत खुपसलेला खंजीर

‘पाठींत खंजीर खुपसणें’ हा वाक्प्रचार मराठी कानांना परका नाहीं. पण पराभवानें दुखावलेल्या एका राष्ट्रांत तेवढ्या तीन शब्दांवर एक चळवळ उभी राहिली, रस्त्यांवर रक्त सांडलें आणि शेवटीं राज्य बुडालें. हा प्रकार जर्मनींत घडला.

११ नोव्हेंबर १९१८ रोजीं पहिलें महायुद्ध थांबलें, तेव्हां जर्मन सैन्य अजून फ्रान्स व बेल्जम यांच्या भूमीवर उभें होतें. त्याच वर्षीं वसंतांत मोठी चढाई झाली होती, आणि वर्तमानपत्रांवर लष्कराचा पहारा असल्यामुळें घरोघर विजयाच्याच वार्ता पोंचत होत्या. सुमारें २० लक्ष जर्मन सैनिक युद्धांत कामास आले. इंग्रजांच्या नाकेबंदीमुळें शहरांतून लोक भुकेनें खंगत होते. एवढें सोसल्यावर, जय दाराशीं आला असें ऐकत असतां, एके सकाळीं पराजय येऊन उभा राहिला. अशा वेळीं मनुष्य कारण शोधीत नाहीं, गुन्हेगार शोधतो.

खरें कारण सेनापतींना पुरतें ठाऊक होतें. २९ सप्टेंबर १९१८ रोजीं लूडेनडॉर्फ यानें स्वतःच कैसराला सांगितलें कीं, युद्धविराम ताबडतोब मागितला पाहिजे. मग ती मागण्याची नामुष्की मात्र पार्लमेंटांतील पुढाऱ्यांच्या माथीं यावी, अशी तजवीज झाली. कोंपिएन्यच्या रानांत सही करावयास जो पुढें झाला तो कोणी सेनापति नव्हे, तर एर्झबर्गर हा मुलकी मुत्सद्दी. वर्षभरानें, नोव्हेंबर १९१९ मध्यें, हिंडेनबर्ग चौकशीसमितीपुढें आला आणि सैन्याच्या पाठींत खंजीर खुपसला गेला, असें एका इंग्रज सेनापतीच्या नांवावर सांगून मोकळा झाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण या बोंबांना सेनापतीच्या पदकांचें तेज होतें.

नव्या प्रजासत्ताकाच्या धुरीणांनीं नकळत या कंडीला खतपाणी घातलें, हेंहि सांगितलें पाहिजे. १० डिसेंबर १९१८ रोजीं बर्लिनला परतणाऱ्या सैनिकांचें स्वागत करितांना एबर्ट यानें, कोणत्याहि शत्रूनें तुम्हांस जिंकलेलें नाहीं, अशा अर्थाचे उद्गार काढिले. थकून आलेल्या पोरांचें समाधान करावें, एवढाच त्याचा हेतु असावा. परंतु शत्रूनें जिंकलें नाहीं, तर मग जिंकलें कोणीं? याच एबर्टवर पुढें देशद्रोहाचा आळ आला, आणि कायद्याच्या अर्थानें तो खरा आहे, असें माग्देबुर्गच्या न्यायालयानें १९२४ सालीं ठरविलें. एबर्टचे दोन मुलगे त्याच युद्धांत मारले गेले होते.

खंजीर कोणाच्या हातांत होता, हें सांगणारें एक पुस्तक तयारच होतें. ज्यू वडीलधारे गुप्तपणें जमून जग ताब्यांत घेण्याचें कारस्थान रचीत आहेत, अशी बतावणी करणारें तें बाड १९०३ सालीं रशियांत प्रथम छापलें गेलें व १९२० च्या सुमारास जर्मन भाषेंत आलें. श्रोत्यांनीं येथें एक तारीख ध्यानांत ठेवावी. ऑगस्ट १९२१ मध्यें लंडनच्या ‘टाइम्स’चा कॉन्स्टँटिनोपल येथील बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज यानें हें बाड उसनें असल्याचें उघडकीस आणिलें. झोली नांवाच्या फ्रेंच वकिलानें १८६४ सालीं तिसऱ्या नेपोलियनच्या कारभारावर एक उपरोधिक ग्रंथ लिहिला होता. त्यांतले उतारेच्या उतारे येथें उतरून काढिले होते. इतका चोख पुरावा क्वचितच मिळतो. त्याच महिन्यांत एर्झबर्गरचा खून झाला.

आणि पुराव्यानंतर दहा महिन्यांनीं, २४ जून १९२२ रोजीं सकाळीं, परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ उघड्या मोटारींतून कचेरीस निघाला असतां दुसऱ्या मोटारींतून आलेल्या तरुणांनीं त्याच्यावर गोळ्या झाडल्या व हातबाँब फेंकला. राथेनाऊ ज्यू होता. पण १९१४ सालीं युद्ध सुरू होतांच कच्च्या मालाची सरकारी व्यवस्था त्यानेंच उभी केली; तिच्यावांचून जर्मन कारखाने युद्धाचा भार इतका काळ पेलतेना. ऑक्टोबर १९१८ मध्यें, सेनापति हातपाय गाळून बसले असतां, घाईनें युद्धविराम मागूं नका, लोकांना शस्त्र घेऊन उठवा, असें वर्तमानपत्रांतून लिहिणाराहि तोच! खुनाच्या खटल्यांत मोटार हांकणारा तरुण म्हणाला कीं, राथेनाऊ हा त्या तीनशें ज्यू वडीलधाऱ्यांपैकीं एक असल्याचें आपणांस सांगण्यांत आलें होतें. ‘तीनशें’ हा आंकडा आला कोठून? १९०९ सालीं राथेनाऊनेंच एका लेखांत, युरोपचा आर्थिक कारभार एकमेकांस ओळखणाऱ्या तीनशें माणसांच्या हातीं आहे, अशी तक्रार केली होती. तक्रार करणाऱ्याचा कबुलीजबाब बनविण्यांत आला.

अशा कंडीपुढें पुरावा लंगडा कां पडतो, हें यावरून कळावें. तें बाड बनावट आहे अशी ओरड होते, हाच त्याच्या खरेपणाचा दाखला, असें पुढें हिटलरनें लिहिलें. कारस्थानावर एकदां विश्वास बसला कीं, खंडन करणारा त्या कारस्थानांतलाच ठरतो. रस्त्यावर उतरलेल्या माणसाची मागणीहि त्यानें पालटून जाते. त्याला भाकर हवी असते, वेतन हवें असतें, मेलेल्या मुलाच्या नांवानें कांहीं मान हवा असतो. हें सगळें सरकारकडे मागतां येतें, थोडेंबहुत मिळतेंहि. पण सरकारच देशद्रोह्यांचें आहे असें ठरलें, म्हणजे त्याच्याकडे मागावयाचें काय? मग त्याला हांकलून देणें एवढेंच उरतें. मार्च १९२० मध्यें बंडखोर पलटणी बर्लिनमध्यें शिरल्या, त्या मजुरांच्या सार्वत्रिक संपानें परतविल्या. नोव्हेंबर १९२३ मध्यें म्यूनिकच्या रस्त्यावर ‘नोव्हेंबरच्या गुन्हेगारां’विरुद्ध जो मोर्चा निघाला, त्यांत हिटलरशेजारीं लूडेनडॉर्फ चालत होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही कथा गाडली गेली, असें वाटण्याजोगें होतें. पण २९ ऑगस्ट २०२० रोजीं करोनाच्या सांथीवरील निर्बंधांविरुद्ध बर्लिनमध्यें सुमारें ३८,००० लोक जमले. दुकानें बंद, शाळा बंद; त्यांतील पुष्कळांच्या तक्रारी रास्त होत्या व जहाल उजव्यांशीं त्यांना कांहीं कर्तव्यहि नव्हतें. मात्र राइखस्टागच्या इमारतीपुढें एका वक्त्या बाईनें, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रंप बर्लिनमध्यें आले आहेत, पोलिसांनीं शिरस्त्राणें उतरविलीं आहेत, अशी भुमका उठवून पायऱ्या चढण्यास सांगितलें. अध्यक्ष बर्लिनमध्यें नव्हतेच. कांहीं शेंकडे लोक कठडे ओलांडून धांवले. दारापाशीं क्षणभर अवघे तीन पोलीस होते. गर्दींत काळें-पांढरें-तांबडें निशाण फडकत होतें. तें १९१८ सालीं लयास गेलेल्या कैसरशाहीचें निशाण. स्वस्तिकाच्या झेंड्याला जर्मनींत कायद्याची बंदी असल्यामुळें जहाल उजवे तें हातीं घेतात. आजचें जर्मन राज्य खरें राज्यच नव्हे, जुनें साम्राज्य अजून कायद्यानें जिवंत आहे, असें मानणारा एक पंथच त्या देशांत आहे.

डिसेंबर २०२२ मध्यें सुमारें ३,००० पोलिसांनीं झडत्या घालून २५ जणांस धरिलें. सशस्त्र टोळीनिशीं पार्लमेंटांत घुसून राज्य उलथण्याचा कट केल्याचा आरोप त्यांतील बहुतेकांवर आहे. २०२४ सालीं फ्रांकफुर्टच्या वेशीवर यासाठीं खास पत्र्याचा न्यायमंडप उभारण्यांत आला. आरोपपत्रांत सुमारें ३८० अग्निशस्त्रांची व १,४८,००० काडतुसांची नोंद आहे. आरोप सिद्ध होतात कीं नाहीं, हें न्यायालय पाहील. आरोपींच्या बांकांवर जुन्या सरदार घराण्यांतला सत्तरी उलटलेला एक राजपुत्र बसला, पूर्वीचे लष्करी अधिकारी बसले, आणि पेशानें न्यायाधीश असलेली एक बाईहि बसली. ही बाई २०२१ पर्यंत पार्लमेंटची सभासद होती. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें तिनें आपल्या साथीदारांस तीच राइखस्टागची इमारत आंतून हिंडवून दाखविली, असें सरकारी वकिलांचें म्हणणें आहे.