छंद आणि उपजीविका
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली म्हणून आम्ही आपणांपुढे उभे आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभे आयुष्य खडू-फळ्याच्या सहवासात गेलेले. संगणकाचा प्रोग्राम आम्ही कधी लिहिलेला नाही. तथापि आपल्याच ज्ञातीतील एका घरी या विषयाचा प्रसंग आला असता आमच्या हातून एक चूक घडली. ती आपणांसमोर मांडावी, म्हणजे इतरांकडून तिची पुनरावृत्ती होणार नाही, एवढ्याच हेतूने हे चार शब्द बोलत आहोत.

आमचा एक जुना विद्यार्थी एका कंपनीत चांगल्या पगारावर होता. त्याचे वडील आपल्या गृहनिर्माण सोसायटीचे मानद चिटणीस. दर महिन्यास मेंटेनन्सची बिले, पावत्या आणि थकबाकीच्या याद्या करता करता ते जेरीस येत. त्यांचे श्रम वाचावेत म्हणून मुलाने रात्री बसून एक प्रोग्राम तयार केला. शेजारच्या सोसायटीने तो पाहिला आणि मागून घेतला. तिच्याकडून तिसरीने घेतला. दोन-तीन वर्षांत कामाचा व्याप एवढा वाढला, की मुलाने नोकरी सोडून हाच व्यवसाय करण्याचे मनात आणले. त्याच सुमारास त्याच्या विवाहाचे बोलणे चालू होते. वडील घाबरले आणि त्याला घेऊन आमच्याकडे आले.

आम्ही त्यास म्हणालो, “बाळ, हौस ती हौस आणि पोट ते पोट. हातची भाकरी टाकून पळत्याच्या पाठीमागे लागू नये.” तो “बरे, गुरुजी,” म्हणाला, पाया पडला आणि निघून गेला.

सभ्य गृहस्थहो, किती सोसायट्या त्याचा प्रोग्राम वापरतात, त्यांपैकी किती पैसे देतात, घरात किती शिल्लक आहे, यांतील एकही प्रश्न आम्ही त्यास विचारला नाही! चाळीस वर्षे मुलांचे पेपर तपासणाऱ्या माणसाने उत्तरपत्रिका न उघडताच गुण देऊन टाकले.

आमच्या शब्दाखातर तो आणखी एक वर्ष नोकरीत राहिला. एप्रिल महिन्यात सोसायट्यांचे वर्षअखेरचे हिशेब निघाले; दिवसभर फोन येत आणि कचेरीत बसल्यामुळे त्यास ते घेता येत नसत. त्रासून काही सोसायट्या दुसरीकडे गेल्या. हे कळल्यावर आम्हांस रात्रभर झोप आली नाही. मग आम्ही या विषयाची माहिती मिळवू लागलो, आणि एका परदेशी गृहस्थांचा वृत्तांत आमच्या वाचनात आला.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जिम क्नॉफ नावाचे गृहस्थ आयबीएम कंपनीत नोकरीस होते. त्यांच्या चर्चच्या मंडळींना पत्रे पाठविण्यासाठी पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापावयाच्या होत्या. त्या निमित्ताने त्यांनी घरच्या संगणकावर एक प्रोग्राम लिहिला. मित्रांनी त्याच्या प्रती नेल्या, मित्रांच्या मित्रांनी नेल्या. प्रत्येक सुधारणा इतक्या लोकांना पोचविण्याचा खर्च खिशास झेपेना. तेव्हा १९८२ मध्ये त्यांनी प्रोग्राममध्येच एक विनंती घातली. तिचा आशय असा, की याची प्रत अवश्य करा, इतरांसही द्या. पण उपयोग होत असेल तर स्वेच्छेने दहा डॉलर पाठवा.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात अँड्र्यू फ्लूगलमन यांनी, दूरध्वनीच्या तारेवरून संगणक जोडणारा आपला ‘पीसी-टॉक’ हा प्रोग्राम याच रीतीने वाटावयास काढला होता. दोघांचा परिचय झाला. प्रतिस्पर्धी म्हणून भांडण्याऐवजी त्यांनी एकमेकांच्या प्रोग्रामची शिफारस करण्याचे ठरविले, आणि जोडीस शोभावे म्हणून क्नॉफ यांच्या प्रोग्रामचे नाव ‘पीसी-फाइल’ झाले. या पद्धतीस पुढे ‘शेअरवेअर’ हे नाव रूढ झाले. क्नॉफ या जर्मन आडनावाचा अर्थ गुंडी, अर्थात बटन. म्हणून त्यांनी व्यवसायासाठी जिम बटन हे नाव घेतले आणि कंपनीचे नाव ‘बटनवेअर’ ठेवले.

आता मुख्य मुद्दा ऐका. क्नॉफ यांनी १९८२ मध्ये विनंती घातली, पण नोकरी सोडली ती १९८४ मध्ये. मधली दोन वर्षे दिवसा नोकरी आणि उरल्या वेळी प्रोग्राम, असा क्रम त्यांनी ठेवला. अनोळखी माणसे दूरदूरच्या गावांहून, कोणतीही सक्ती नसता, पैसे पाठवीत राहिली, आणि दोन्ही कामे एका माणसाच्या हातून होणे अशक्य झाले, तेव्हाच त्यांनी राजीनामा दिला. त्यांनी अंधारात उडी घेतली नाही. पायाखाली जमीन लागल्यावर पाऊल उचलले. आणि जमीन लागल्यावर मात्र ते काठावर थांबले नाहीत.

आपल्या घरी असा प्रसंग आला, तर वडील माणसांनी मुलास भिववू नये आणि भरीसही घालू नये, विचारपूस करावी. पहिला प्रश्न असा, की परकी माणसे पैसे देतात काय? आत्या-मावशीने केलेले कौतुक हे कौतुक; परक्याने भरलेले दुसऱ्या वर्षाचे शुल्क हा पुरावा.

दुसरा प्रश्न, ही कृती कायद्याने कोणाची? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून जे लिहिले जाते, त्याचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. आणि संगणकाचा प्रोग्राम या कायद्याच्या कक्षेत येतो. म्हणून कचेरीच्या यंत्रावर, कचेरीच्या वेळात एक ओळही लिहू नये, आणि नेमणुकीचा करार जाणत्या वकिलास आधी दाखवावा.

तिसरा प्रश्न, मिळकत न झाल्यास घरखर्च किती महिने चालेल? आणि चौथा, जो सर्वांत कठीण आहे: रोज तेच काम करण्याची तयारी आहे काय? छंदात मनास येईल तेव्हा बसावे, कंटाळा आला की उठावे. व्यवसायात गिऱ्हाइकाच्या चुकीची बेरीजही हसतमुखाने शोधून द्यावी लागते, आणि पत्रांस उत्तरे व पैशांची वसुली यांतच निम्मा दिवस जातो.

शिवाय हे यश चिरंतन नसते, हेही सांगितले पाहिजे. डॉस या जुन्या प्रणालीच्या काळात पीसी-फाइलने नाव मिळविले. पुढे विंडोजचा जमाना आला आणि बटनवेअर कंपनी आज उरलेली नाही. परंतु नोकरी तरी चिरंतन कोठे असते? गिरण्या बंद पडल्या तेव्हा आपल्यापैकी किती घरांनी हा अनुभव घेतला आहे!

आमच्या विद्यार्थ्याने गेल्या दसऱ्यास राजीनामा दिला. या वेळी आम्ही त्यास प्रश्न विचारले आणि त्याने वही उघडून उत्तरे दाखविली. त्याची मिळकत अद्याप जुन्या पगाराएवढी नाही. विवाहाचे बोलणे मोडले, कारण मुलीकडच्यांस ‘नोकरी’ या रकान्यात काही लिहिलेले हवे होते. हा रकाना आपल्याच मंडळाच्या वधूवर-सूचीत आहे. तेथे ‘नोकरी अथवा व्यवसाय’ असे छापावे, ही आमची पहिली विनंती.

दुसरी विनंती अधिक संकोचाची आहे. आज आपल्या हाती असलेला हा अंक ज्या पाकिटांतून सभासदांच्या घरी जाणार, त्यांवरील पत्त्यांच्या चिठ्ठ्या गेली चार वर्षे याच मुलाच्या प्रोग्रामवर निघतात. एखादा पत्ता चुकला की आपण त्यास रात्री दहा वाजताही फोन करतो. त्यात आम्हीही आहोत. “आपलाच मुलगा” म्हणून मंडळाने त्यास आजवर एक रुपयाही दिलेला नाही. अमेरिकेतील अनोळखी लोकांनी न मागता दहा डॉलर पाठविले असते, तर क्नॉफ यांस विनंतीही करावी लागली नसती. पण विनंती होताच त्यांनी पाठविले, हेही थोडे नव्हे. येथे मुलगा मागणार नाही, म्हणून त्याच्या वतीने आम्ही मागतो. इतर सोसायट्या देतात तेवढे वार्षिक शुल्क मंडळाने त्यास द्यावे, आणि मागील चार वर्षांचेही द्यावे. आमच्या वाट्याची वर्गणी आम्ही आजच खजिनदारांकडे भरीत आहोत.

‘आपला’ म्हणून आशीर्वाद द्यावा, ‘आपला’ म्हणून मोबदला बुडवू नये, एवढेच आमचे सांगणे.