फ्लूचा ताप उतरल्यावर

फ्लूमध्ये अंग ठेचल्यासारखे दुखते ते बरेचसे आपल्याच शरीराच्या प्रतिकारामुळे. विषाणू शिरताच पेशी इशारा देणारी द्रव्ये सोडतात, त्यांनीच ताप चढतो. नेमकी त्या विषाणूवर चालणारी प्रतिद्रव्ये तयार व्हायला मात्र साधारण आठवडा लागतो. ताप ३-४ दिवसांत उतरतो आणि आपला गडी लगेच ज्वारीच्या मळणीला उभा! श्वासनलिकेचे सोललेले अस्तर भरून यायला काही आठवडे लागतात. तोवर इतर जंतूंना वाट मोकळीच. १९१८ च्या साथीत पुष्कळ माणसे दगावली ती अशा मागाहून झालेल्या न्यूमोनियाने. म्हणून उतरलेला ताप पुन्हा चढला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. घरात उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या घेऊ नयेत. त्या विषाणूवर चालतच नाहीत.