दप्तरातले पूर्वज

पितृपंधरवड्यात श्राद्धाला बसले की गुरुजी विचारतात, "वडिलांचे नाव? आजोबांचे? पणजोबांचे?" ही तीन नावे आपण कशीबशी सांगतो. चौथे कोणी विचारले, तर आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहतो आणि ते माणूस आढ्याकडे पाहते. शास्त्राने तीनच पिढ्यांची नावे मागितली, हे आपल्यावर उपकारच झाले म्हणायचे!

पण ते चौथे नाव अगदीच हरवलेले नसते. पुष्कळदा ते आपल्या तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, कापडात बांधलेल्या एखाद्या गाठोड्यात पडून असते. ते शोधावे कसे, आणि शोधताना काय ध्यानात ठेवावे, एवढेच आज मला सांगायचे आहे.

आधी एक प्रश्न. सरकारने माणसाचे नाव लिहून ठेवले ते कशासाठी? इंग्लंडात १५३८ साली राजाज्ञा झाली, की गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. म्हणून तिकडच्या साध्या मजुरालाही पुष्कळदा आपले घराणे तीन-चारशे वर्षे मागे नेता येते. आपल्याकडे तसे झाले नाही. आपल्याकडे राज्य कोणाचेही असो, त्याला हवा होता सारा. म्हणून कचेरीने आधी जमीन लिहिली आणि जमिनीच्या मागून माणूस लिहिला. ज्याच्याकडून काही वसूल व्हायचे, त्याचे नाव कागदावर आले. ही एक गोष्ट मनात ठेवली, की दप्तर काय बोलते आणि काय बोलत नाही, हे दोन्ही उलगडते.

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणी जिल्ह्यात. तेव्हा परतूर-मंठ्याकडच्या माणसाने जुना कागद शोधताना परभणीची वाटही विसरू नये. आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गावचा कुलकर्णी मोडीत लिहीत असे. वरच्या कचेरीत आधी फारसी चाले, पुढे १८८० नंतरच्या दशकात उर्दू आली. राजधानीतल्या दप्तराचा मोठा साठा आज हैदराबादला, तारनाका भागातल्या तेलंगण राज्य अभिलेखागारात आहे.

जुन्या कागदावर सन दिसतो तो फसली. १३५० हा आकडा पाहून कोणी दचकू नये. तो काही बहमनी काळातला कागद नव्हे! हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. फसली सनात ५९० मिळवावेत, आणि जानेवारी किंवा त्यापुढचा महिना असेल तर ५९१. म्हणजे फसली १३५० हे १९४०-४१ साल झाले. महिन्यांची नावेही निराळी: आजूर, दै, बहमन अशी. ती एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावीत.

या दप्तरांवरची धूळ २०२३ साली मोठ्या प्रमाणावर झटकली गेली, हे आपण सर्वांनी पाहिले. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून मराठा आरक्षणाचे आंदोलन उभे राहिले, आणि निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मोडी आणि उर्दू जाणणाऱ्या माणसांना पुन्हा किंमत आली. मराठवाड्यातल्या सुमारे पावणेदोन कोटी नोंदी पाहिल्यावर साडेअकरा हजारांच्या आसपास कुणबी नोंदी मिळाल्या, असे त्या ऑक्टोबरात शासनाने सांगितले. त्या प्रश्नाचा निवाडा करायला मी येथे आलेलो नाही. मला त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे. आजोबाच्या नावापुढे कोणी एक शब्द लिहिला की नाही, यावर नातवाच्या शिक्षणाची वाट ठरू शकते. कागद म्हणजे नुसती हौस नव्हे.

आता शोधाची रीत. विहिरीत उतरताना जशी एकेक पायरी उतरतो, तसे आजपासून मागे जावे. एकदम निजामाच्या काळात उडी मारू नये.

पहिली पायरी घरातली. म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे. पेटीतल्या साऱ्याच्या पावत्या, जुनी खरेदीखते, सोसायटीच्या कर्जाचे कागद जपून उघडावेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरला आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्याय असतील, तर त्यांच्या वहीत आलेल्या-गेलेल्या पिढ्यांची नावे सापडतात.

दुसरी पायरी सातबाऱ्याची. सातबाऱ्यावर फेरफारांचे नंबर असतात. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद: कोणी वारले, कोणी विकली, भावाभावांत वाटणी झाली. एकेक नंबर धरून मागे गेले, की एकेक पिढी उलगडते. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो आणि जुन्या कागदावर सर्व्हे नंबर. एकत्रीकरण योजनेत हे आकडे बदलले. म्हणून एकत्रीकरणाचा उतारा काढून जुना नंबर जुळवून घ्यावा. नाहीतर दुसऱ्याच्याच शेतात आपले आजोबा शोधत बसाल!

तिसरी पायरी आपल्या मराठवाड्याची खास. १९५४-५५ चे खासरा पत्रक आणि पुढची पाहणी पत्रके. खासऱ्यात सर्व्हे नंबर, पट्टेदार कोण, प्रत्यक्ष कब्जा कोणाचा, कूळ कोण, हे लिहिलेले असते. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानंतर संरक्षित कुळांच्या याद्या झाल्या, त्याही पाहाव्यात. त्याच्या मागचे शेतवारपत्रक आणि मोजणीचे कागद भूमी अभिलेख कार्यालयात विचारावेत. इनामाची जमीन असेल तर इनामाची संचिका निराळी असते. अर्ज करून, फी भरून, साक्षांकित नक्कल मागावी. सरळ अर्जाने काम अडलेच, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. मूळ कागदावर मात्र पेन्सिलीची रेघसुद्धा ओढू नये.

नावांच्या बाबतीत जपावे. जुन्या कागदात आडनाव क्वचितच असते, "रामा पि. लक्ष्मण" एवढ्यावर भागवलेले असते. 'पि.' म्हणजे पिता. त्यातून आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवायची रीत. म्हणजे रामाचा लक्ष्मण, लक्ष्मणाचा रामा, आणि त्याचा पुन्हा लक्ष्मण! सर्व्हे नंबर आणि सन जुळल्याशिवाय कोणालाही आपला पणजोबा करून घेऊ नये.

आता माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आमचे मूळ गाव भोकरदन तालुक्यात. वडिलांना एक आत्या होत्या, मंठ्याकडे दिलेल्या. त्या काळी ते गाव परभणी जिल्ह्यात. लहानपणापासून मी एकच ऐकत आलो, की आत्या जमिनीवरून भांडून गेल्या आणि येणेजाणे तुटले. लग्नाची पत्रिकासुद्धा या घरची त्या घरी जात नसे.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या गटाचे जुने कागद काढले. १९५४-५५ च्या खासऱ्यात पट्टेदार म्हणून पणजोबांचे नाव असेल, अशी माझी समजूत. तेथे पणजीचे नाव निघाले. पुढे 'भ्र.', म्हणजे भ्रतार, आणि मग पणजोबांचे नाव. पणजोबा आधीच वारले होते. ही बाई दोन मुले आणि एक मुलगी पदराशी घेऊन जमीन राखत होती, सारा भरत होती. आमच्या घरात पणजोबांच्या बैलजोडीच्या गोष्टी होत्या. या बाईची एकही गोष्ट नव्हती.

पुढचा फेरफार १९६४ चा. पणजी मयत, वारस दोन मुलगे आणि एक मुलगी. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आलेला होता, म्हणून मुलीचे नाव लागले. आणि त्याच्या पाठोपाठचा फेरफार असा, की आत्यांनी आपला हिस्सा दोघा भावांच्या नावे स्वखुशीने सोडला, मोबदला काही नाही. खाली डाव्या अंगठ्याची निशाणी.

ती नक्कल मी वडिलांना वाचून दाखवली. सत्तरीतले माणूस, बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भांडून गेली म्हणतो आपण. तिनं तर काही नेलंच नाही."

पुढच्या रविवारी आम्ही मंठ्याकडे गेलो. आत्या कधीच्याच वारल्या होत्या. त्यांची मुलगी, म्हणजे वडिलांची आतेबहीण, ओसरीवर गहू निवडत बसली होती. वडिलांनी कागद पुढे केला. तिच्या नातवाने तो वाचला. ऐकून ती म्हणाली, "दादा, आई सांगायची. अंगठा दिला त्या दिवशी भावांनी लुगडं नेसवलं. पुढं दिवाळीला मुराळी काही आला नाही."

श्रोतेहो, भांडणाचा पत्ता कागदाने दिला, पण भांडण काय होते ते कागदात नव्हते. 'स्वखुशीने' हा शब्द तलाठ्याचा. बाईचा तेथे फक्त अंगठा आहे. तिच्या मनात त्या दिवशी काय होते, ते कोणत्याही नमुन्याच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. म्हणून मी म्हणतो, कागद वाचावा आणि मग कागद घेऊन माणसांकडे जावे. त्या दिवाळीला वडील स्वतः मुराळी होऊन गेले आणि आतेबहिणीला घेऊन आले.

आता, ज्याला जमीनच नव्हती त्याचे काय? मी आरंभी म्हटले, नाव आले ते साऱ्याच्या मागून. मग सालगडी, रोजंदारीवरची बाई, पालावरची कुटुंबे यांची नावे खासऱ्यात कोठून येणार? कागदावर नाव नाही म्हणजे तो माणूस नव्हता, असे नव्हे. त्याच्याकडून घेण्यासारखे सरकारला काही दिसले नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि पंचाईत अशी, की जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा लागतो तो या लोकांनाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा.

अशांनी जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो त्यात, पाहावे. आणि त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे गावची शाळा. भूमिहीन घरातल्या माणसाचे नाव सरकारी शाईने पहिल्यांदा लिहिले गेले ते पुष्कळदा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. शाळा जूनमध्ये भरे, वय अंदाजाने धरत आणि गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. आपल्या गावात १ जूनला इतके वाढदिवस का, याचे कारण ग्रहात नाही, गुरुजींच्या टाकात आहे!

म्हणून माझे शेवटचे बोलणे शिक्षकबंधूंशी आणि शिक्षकभगिनींशी आहे. आपल्या शाळेच्या कपाटातले ते फाटके रजिस्टर हे गावातल्या कितीतरी घरांचे एकमेव दप्तर आहे. त्याला वाळवीपासून आणि गळक्या छपरापासून जपा. त्याची एक छायाप्रत निराळी ठेवा. आणि मुलांकडून आपापल्या घराची वंशावळ लिहून घ्या. तीत एक अट घाला: आजोबाइतकेच आजीचे नाव हवे, तिच्या माहेरच्या गावासकट, आणि आत्यांचीही नावे हवीत. तलाठ्याच्या वहीत जे राहून गेले, ते निदान मुलांच्या वहीत तरी यावे.

शोधायला निघाल की कोणाला शेताचा हिस्सा सापडेल, कोणाला दाखला सापडेल, कोणाला हाती काहीच लागणार नाही. पण घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. कचेरीतला कागद उद्याही अर्ज करून मागता येतो. त्यांच्याकडे तसा अर्ज करता येत नाही.