लहान मुलांचा बहिरेपणा



व्याख्यानमालेच्या मांडवात साहित्य, इतिहास, राजकारण हे विषय शोभतात. त्यांच्या पंगतीत दवाखान्यातला विषय आणून बसवल्याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. परंतु हा विषय दवाखान्यात पोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणूनच तो घरात बोलला जावा अशी माझी इच्छा आहे.

आपल्याकडे बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगते. मग धपाटे, पेढे, घुगऱ्या, सगळे यथासांग होते. ते नाव बाळाला ऐकू गेले का, हे मात्र कोणी पाहत नाही. जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे एक ते तीन मुले अशी असतात की, त्यांना ते नीट ऐकू गेलेले नसते. त्यांतल्या बहुतेकांचे आईबाप स्वतः चांगले ऐकणारे असतात, आणि म्हणूनच त्यांच्या मनात शंकाही येत नाही.

आधी कान कसा चालतो ते थोडक्यात पाहू. बाहेरून दिसतो तो कान म्हणजे केवळ दरवाजा. आवाजाने आतला पडदा हलतो, पडद्यामागची तीन इवली हाडे ते हलणे पुढे पोचवतात, आणि शेवटी शंखासारख्या वळ्यावळ्यांच्या एका नळीत ते जाते. या शंखात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म रोमपेशी असतात. त्या आवाजाचे रूपांतर विद्युत्संदेशात करतात आणि मज्जातंतू तो मेंदूकडे नेतो. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरते. पण माणसाच्या कानातली रोमपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही.

आता कारणे. जन्मजात बहिरेपणापैकी निम्म्याहून अधिक आनुवंशिक असतो. त्यातही बहुधा असे होते की, आई आणि वडील दोघांच्याही रक्तात एकेक सदोष बीज दडलेले असते. त्यांना स्वतःला त्याचा उपद्रव नसतो. पण ती दोन बीजे एका मुलात एकत्र आली म्हणजे दोष प्रकट होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत ही शक्यता चारांत एक असते. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तेच बीज असण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या अनेक घराण्यांत आहे; तिचा विचार या दृष्टीनेही व्हावा. मात्र आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून मूल बहिरे झाले, असे म्हणणाऱ्यांनी त्या माउलीला विनाकारण छळू नये. ग्रहणाचा येथे काडीचाही संबंध नाही.

दुसरे कारण गरोदरपणातले आजार. १९४१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या नेत्रवैद्याला मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बरीच अर्भके एकाएकी दिसू लागली. चौकशी करता कळले की, त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला, म्हणजे ज्याला लोक जर्मन गोवर म्हणतात तो, येऊन गेला होता. आईला दोन दिवसांचा बारीक ताप आणि पुरळ, एवढेच. पण पोटातल्या जिवाचे डोळे, हृदय आणि कान त्याने बिघडवले होते. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. मोतीबिंदू ताबडतोब दिसला. तशाच मुलांचा बहिरेपणा लोकांच्या नीट लक्षात आला तो पुढच्या दोन-तीन वर्षांत. डोळ्यातले पांढरे दिसते. कानातला अंधार दिसत नाही. सुदैवाने रुबेलावर लस आहे. भारतात २०१७ पासून ती गोवराच्या लशीबरोबर दिली जाते.

जन्माच्या वेळची कारणेही आहेत. अपुऱ्या दिवसांचे किंवा फार कमी वजनाचे मूल, जन्मतःच न रडलेले मूल, तीव्र कावीळ झालेले मूल, यांच्या कानांना धोका अधिक. पुढे मेंदूज्वर, गालगुंड, गोवर यांनीही कान जाऊ शकतो. जेंटामायसिनच्या जातीची औषधे प्राण वाचवतात, पण काही वेळा रोमपेशींना मारक ठरतात; तेव्हा ती वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावीत.

आणि कान फुटणे! ते तर आपण बाळपणाचा भागच मानून बसलो आहोत. नाकाघशातून कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते. त्यामुळे पडशातून संसर्ग चटकन कानात शिरतो. पडद्यामागे द्रव साचतो, कधी पडद्याला भोक पडते, आणि वर्गातला मुलगा ‘दुर्लक्ष करतो’ म्हणून मार खातो. हा बहिरेपणा बहुधा बरा होणारा असतो. आपण मात्र त्यात कढवलेले तेल ओततो आणि दुखणे वाढवतो.

मग जन्मजात बहिरेपणा घरात ओळखू का येत नाही? कारण बहिरे मूलही पहिले काही महिने इतर बाळांसारखेच हुंकारते, हसते, रडते. फरक पडतो तो सहाव्या-सातव्या महिन्यानंतर. ऐकणारे मूल ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे बोल जुळवू लागते. बहिऱ्या मुलाचे ते बोल लांबतात किंवा येतच नाहीत. मग आजी थाळी वाजवून पाहते. थाळीचा दणका अर्धवट बहिऱ्या मुलालाही ऐकू जातो, नाहीतर हलणारा हात त्याला दिसतो. ते वळते आणि सगळे निर्धास्त होतात. पुढे ‘याचा मामाही चौथ्या वर्षी बोलला’, ‘जीभ जड आहे’ असे म्हणत मधातून वेखंड चाटवतात. दोष कानात आणि औषध जिभेला!

मंडळी, खरी हानी या वाट पाहण्यात आहे. भाषा आत्मसात करण्याची मेंदूची शक्ती पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत तीव्र असते. त्या काळात भाषा मिळाली नाही, तर पुढे कितीही शिकवले तरी ती उणीव पुरती भरून निघत नाही. १९९८ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला, ती मुले उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांच्या भाषेत पुष्कळ पुढे आढळली. बहिरेपणा तोच, फरक काळाचा.

आणि ओळखणे आज कठीण नाही. निरोगी कान स्वतःही अगदी क्षीण आवाज करतो, हे लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवले. त्यावर आधारलेली तपासणी झोपलेल्या बाळाच्या कानात लहानशी नळी ठेवून काही मिनिटांत होते. वेदना मुळीच नाही. नियम सोपा आहे: एका महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय. मुलांच्या आरोग्यतपासणीचा जो राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधून सुरू झाला, त्यात जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे. उपाय अनेक आहेत. कुणाला श्रवणयंत्र पुरते, कुणाला कानातल्या शंखात तार बसवण्याची शस्त्रक्रिया लागते, कुणाला हातांची खूणभाषा. खूणभाषेला कमी लेखू नका. तिला स्वतःचे व्याकरण आहे आणि तिने मुलाचे मन तितकेच वाढते. मूल कोणत्याही भाषेवाचून राहू नये, एवढेच पाहायचे.

शेवटी एकच विनंती. आपल्या घरी, शेजारी, नात्यात यंदा पाळणा हलला असेल, तर त्या बाळाच्या कानांची चाचणी झाली का, एवढे विचारा. आणि एखादी आई ‘याला ऐकू येत नाही की काय?’ असे म्हणाली, तर ‘उगाच काळजी करतेस’ असे म्हणून तिला गप्प करू नका. घरात सर्वांच्या आधी शंका येते ती बहुधा तिलाच. तिच्याबरोबर दवाखान्यात जा. आत्याने सांगितलेले नाव बाळापर्यंत पोचले की नाही, हे त्याच महिन्यात कळू द्या.