क्षणाचा धनी कोण? : ऑनलाइन खेळांतील पात्रांच्या हालचाली आणि त्यांचे कालनियोजन



शाळेने आपल्या दिवंगत गुरुजनांच्या स्मरणार्थ चालविलेल्या या व्याख्यानमालेत मला बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे.

आजचा विषय या व्यासपीठाला शोभणारा नाही, असे काहींना वाटेल. ऑनलाइन खेळ म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर पैशांची उधळपट्टी उभी राहते. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना संसदेने २०२५ च्या कायद्याने मनाई केली आहे. त्यांच्याविषयी मला काही सांगावयाचे नाही. ज्या खेळांत दोन माणसे दोन ठिकाणी बसून कौशल्याने झुंजतात, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे. आपल्या शहराचा या व्यवसायाशी निकटचा संबंध आहे. २००८ साली दूरदर्शन संचावर अवतरलेला 'छोटा भीम' हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशनने घडविला. खेळ तयार करणाऱ्यांची देशव्यापी परिषद २०२४ साली हैदराबादेतच भरली होती. आपल्या शाळेतील चित्रकलेची आवड असलेली मुले उद्या या क्षेत्रात जातील. त्यांनी हे ध्यानी घ्यावे की ही कला जितकी रेषेची, तितकीच वेळेची आहे.

ही जाण आपल्याकडे जुनी आहे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून लघुपटात दाखविली होती. दोन चित्रांमधील काळ कमीअधिक करणे, हेच त्यातील मर्म होते.

पुढे डिस्नेच्या चित्रकारांनी या कलेचे नियम बांधले. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या ग्रंथात बारा तत्त्वे सांगितली. त्यांपैकी एक पूर्वतयारीचे आहे. उडी मारण्यापूर्वी पात्र गुडघे वाकविते, ठोसा मारण्यापूर्वी हात मागे नेते. त्याशिवाय हालचालीला वजन येत नाही. सिनेमाच्या प्रेक्षकाला हे सुखावते. परंतु खेळणारा हा प्रेक्षक नव्हे. त्याचे बोट बटणावर असते. बटण दाबल्यावर पात्र सावकाश गुडघे वाकवू लागले, तर त्याला वाटते, 'हा माझे ऐकत नाही.' जॉर्डन मेकनर यांनी १९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'साठी आपल्या भावाच्या धावण्या-उडण्याच्या चित्रफिती समोर ठेवून हालचाली रेखाटल्या. त्या विलक्षण सजीव ठरल्या; पण पाऊल पडायला लागणारा वेळ लागतच असे, म्हणून खेळणाऱ्याला उडीचा विचार आधी करावा लागे. सौंदर्य आणि तत्परता यांचा हा मूळ झगडा होय.

द्वंद्वाच्या खेळांत प्रत्येक प्रहाराचे तीन भाग करतात. आपण त्यांना पवित्रा, प्रहार आणि सावरणे म्हणू. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची होते. पवित्रा २४ फ्रेमचा असेल, तर बटण दाबल्यापासून प्रहार लागेपर्यंत ४०० मिलिसेकंद जातात. हा वेळ वाया जात नाही. तो प्रतिस्पर्ध्याचा असतो. आपल्या शहरातील पुल्लेला गोपीचंद यांच्या अकादमीत खेळ पाहिलेल्यांना हे सांगावयास नको. समोरच्याची रॅकेट किती मागे गेली, खांदा कसा वळला, यावरूनच फुलाचा मार्ग ताडावा लागतो. पवित्रा म्हणजे समोरच्याला दिलेली सूचना होय.

आता या दोघांच्या मध्ये तार आणा. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद. वाटेतील यंत्रे आणि मोबाइलचे जाळे त्यात बरीच भर घालतात. समजा, एक मुलगा हैदराबादेत, दुसरा नांदेडला आणि दोघांचा सर्व्हर मुंबईत आहे. प्रत्येकाचा संदेश मुंबईस पोहोचावयास ४० मिलिसेकंद लागतात. हैदराबादच्या मुलाने प्रहाराचे बटण दाबले. ती वार्ता नांदेडच्या पडद्यावर ८० मिलिसेकंदांनी उमटेल आणि तेथून बचावाचा संदेश मुंबईस यावयास आणखी ४० लागतील. ४०० मधून १२० गेले, उरले २८०. डोळ्यांनी पाहून बोट हलविण्यास माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे बचाव शक्य आहे.

पण नांदेडच्या मुलाची जोडणी मंद असून तिला ४० ऐवजी १०० मिलिसेकंद लागत असतील तर? ४०० मधून २४० जातील, उरतील १६०. या वेळात कोणीही चपळ माणूस सावरू शकत नाही. मुलगा हरतो आणि आपण मंद आहोत असे त्याला वाटते. वस्तुतः मंद तार होती. आणि पवित्र्याची लांबी ठरविणाऱ्याने या मुलाचा विचार केला नव्हता. पवित्रा तीनच फ्रेमचा असता, तर चांगल्या जोडणीवरही त्याला हात उगारलेला दिसण्याआधीच मार बसला असता.

मग पवित्रा सरसकट लांबवावा काय? तसे केल्यास मारणाऱ्याला पात्र जड वाटेल. अनुभवी कलावंत येथे एक भेद करतात. तत्परतेची भावना कृती पूर्ण होण्यापेक्षा ती सुरू होण्यावर अधिक अवलंबून असते. बटण दाबताच पुढच्याच फ्रेममध्ये खांदा ठळकपणे वळला, तर खेळणाऱ्याला आज्ञा पोहोचल्याची खात्री पटते. प्रहार मागाहून लागला तरी चालतो. त्याच अवधीत संदेश सर्व्हरकडे जाऊन येतो. चित्रकाराने दिलेला पवित्रा असा तारेचा विलंब झाकतो. पवित्र्याच्या आरंभी विचार बदलण्याची मुभा ठेवावी आणि नाट्य शक्यतो प्रहारानंतरच्या सावरण्यात रंगवावे, म्हणजे सौंदर्यही उरते.

सर्व्हरची वाट न पाहता आपल्या पात्राची हालचाल आपल्याच संगणकाने तत्काळ दाखवावी, ही युक्ती जॉन कारमॅक यांनी १९९६ च्या 'क्वेकवर्ल्ड'मध्ये प्रभावीपणे वापरली. टोनी कॅनन यांच्या 'जीजीपीओ' पद्धतीत संगणक प्रतिस्पर्ध्याच्या खेळीचाही अंदाज बांधतो आणि तो चुकल्यास काही फ्रेम मागे जाऊन खेळ पुन्हा मांडतो. अशा वेळी पवित्र्याच्या पहिल्या फ्रेम समोरच्याच्या पडद्यावरून गळतात. म्हणून सूचनेचा सारा अर्थ त्या पहिल्या दोन-तीन चित्रांत कोंडून ठेवणे धोक्याचे ठरते. एकच फ्रेम मारणाऱ्याला विश्वास देते आणि वाचणाऱ्याला इशारा. इशारा मात्र पुढील चित्रांतही स्पष्ट राहिला पाहिजे.

या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच की चित्र काढून झाले म्हणजे काम संपले असे समजू नका. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्याच्या शेजारी बसा, फ्रेम मोजा, आणि आपला खेळ शहरातील वेगवान जोडणीइतकाच गावाकडच्या स्वस्त फोनवर खेळून पाहा. आखाड्यात उस्ताद कुस्ती लावताना दोघांचे वजन पाहून जोड ठरवितो. ऑनलाइन आखाड्यात ते काम कालनियोजन करणाऱ्याकडे आले आहे. सेकंदाच्या विसाव्या हिश्शातही न्याय-अन्याय घडू शकतो, हे ज्याला उमगले तो केवळ कुशल कारागीर राहत नाही, तो विश्वासाला पात्र होतो. गुरुजनांनी आपल्याकडून अपेक्षिले ते याहून वेगळे नसावे.